आधी बसा, मग शिक्का

कुत्र्याला शिकवणं सोपं, पण त्याच्या मालकाच्या मेसेजला वेळेत उत्तर देणं महाकठीण, हे उत्कर्षाला वाघोलीत श्वान प्रशिक्षणाचा वर्ग काढल्यावर दुसऱ्याच महिन्यात कळून चुकलं. वर्गात सतरा कुत्री होती. सतरा कुत्र्यांना मिळून चव्वेचाळीस माणसं होती आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र शंका होती. कुणाला बॅच बदलून हवी, कुणाच्या लसीच्या कार्डाचा फोटो आडवा आलेला, कुणाचं कुत्रं आज जरा नाराज आहे. उत्कर्षा एका हातात पट्टा धरायची, दुसऱ्या हातात फोन, आणि मग व्हायचं तेच झालं. नुसती नावं वाचून तिनं टायसनला दांडग्या कुत्र्यांच्या बॅचमध्ये घातलं आणि लाडूला पिल्लांच्या. टायसन हे ओंजळीत मावेल एवढं पॉमेरियन होतं. लाडू हा चाळीस किलोंचा जर्मन शेफर्ड होता. टायसन कुणाच्याही पोटाखालून निसटू शकत होता म्हणून वाचला. पिल्लांच्या मालकांनी मात्र लाडूला पाहिलं, पिल्लं उचलली आणि गाडीत बसून काचा वर केल्या.

त्या दुपारी जेवताना ती म्हणाली, "मला कुत्र्यांचा त्रास नाही, कागदांचा आहे. कुणीतरी ऑफिस सांभाळणारं माणूस हवं."

समोर बसलेल्या रंगरावांचा घास हातातच राहिला.

रंगराव हे उत्कर्षाचे सासरे. परभणीला चौतीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातली शेवटची नऊ कार्यालय अधीक्षक म्हणून. निवृत्त होऊन मुलाकडे, आनंदकडे, वाघोलीला आल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि या दीड वर्षात त्यांच्यासमोर एकही फाइल आलेली नव्हती. पाण्यातून काढलेल्या माशाला निदान तडफडता येतं. रंगरावांना तेही शोभणारं नव्हतं. त्यामुळे ते स्वयंपाकघरात लक्ष घालत. कोथिंबिरीची जुडी आली की "कधी आली? कुणी घेतली? कालची संपली होती का?" असं विचारत. त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी एकदा फ्रिजवर 'दूध, आवक' असा तक्ता चिकटवलेला पाहिला आणि त्या दिवसापासून त्या रोज देवापुढे हात जोडून यजमानांसाठी काहीतरी काम मागत होत्या.

"ॲप आहे ना," आनंद म्हणाला. तो आयटीत होता, त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुःखांवर ॲप होतं.

"ॲप सही करतं का?" रंगरावांनी विचारलं.

"सही नाही करत."

"मग चूक झाली तर जबाबदार कोण?"

आनंदनं घड्याळ पाहिलं. त्याला कॉल होता, तो उठून गेला. उत्कर्षानं सासऱ्यांकडे पाहिलं, सासूबाईंनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला आणि नेमणूक झाली.

दुसऱ्याच दिवशी रंगराव बस पकडून शहरात गेले. नारायण पेठेतून त्यांनी लांबलचक वह्या, टॅग, टाचणी आणि निळी फीत घेतली. मग कसबा पेठेत शिक्का करायला टाकला.

"मजकूर?" शिक्केवाल्यानं मान वर न करता विचारलं.

"श्वान प्रशिक्षण वर्ग, वाघोली. खाली ठळक अक्षरांत, हजर."

"कुत्र्यांना मारायचाय?"

"कुत्र्यांच्या कार्डावर."

"गोल करू की चौकोनी? नाही, कुत्र्यांची काही पसंती असेल तर विचारून या."

"गोल," रंगराव करारीपणे म्हणाले. शिक्केवाल्यानं आपोआप शाई लागणारा, चिमुकला प्लॅस्टिकचा शिक्का दाखवला. रंगरावांनी तो हातात घेऊन परत दिला. त्यात वजन नव्हतं. शिक्का कसा, मारल्यावर शेजारच्या टेबलावर कळला पाहिजे. त्यांनी लाकडी मुठीचा, पितळी बुडाचा, वरवंट्याच्या धाकट्या भावासारखा शिक्का करून घेतला.

वर्ग भरायचा तो गेनबांच्या मोकळ्या जागेत. गेनबा मूळचे वाघोलीचेच. आजूबाजूची शेतं विकून तिथं इमारती झाल्या, हा एक तुकडा त्यांनी राखला होता आणि त्यावर पोरांसारखी कुत्री खेळताना पाहून ते खूश असत. जागेच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड होती. तिथं रंगरावांनी टेबल मांडलं, मागं भिंतीला घड्याळ लावलं आणि 'कार्यालय' अशी पाटी अडकवली.

"आवं, ही कुत्र्यांची साळा हाय का तहसील?" गेनबांनी विचारलं.

"शिस्त दोन्हीकडे लागते," रंगराव म्हणाले.

पहिली शिस्त म्हणजे प्रवेश अर्ज. त्यात एकतीस रकाने होते. श्वानाचे नाव, टोपणनाव, ओळखीच्या दोन खुणा, लसींचा तपशील, पूर्वीच्या संस्थेतून सोडल्याचा दाखला. कोको नावाच्या लॅब्रॅडोरची मालकीण तेजस्विनी ही आयटीतली मुलगी अकराव्या रकान्यापाशी अडली.

"अंकल, कोको पहिल्यापासून घरीच आहे. दाखला कुठून आणू?"

"मग तिथं 'निरंक' लिहा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

"मग रिकामंच सोडते ना."

"रिकामं म्हणजे लिहायचं राहिलं," रंगराव चष्म्यावरून बघत म्हणाले. "निरंक म्हणजे नीट विचार केला आणि काही नाही."

तेजस्विनीनं निरंक लिहिलं. पुढं तिनं ऑफिसच्या मीटिंगमध्येही हा शब्द वापरला म्हणे, आणि तिचं वजन वाढलं.

दुसरी शिस्त हजेरीची. प्रत्येक कुत्र्याचं कार्ड होतं. वर्गात शिरण्याआधी कुत्र्यानं टेबलापुढे यायचं. पहिल्या दिवशी प्रत्येक बॅचची सगळी कुत्री टेबलावर चढली. रंगरावांना यात नवीन काहीच नव्हतं. परभणीच्या ऑफिसातही माणसं अशीच टेबलावर यायची, आणि तिथं त्यांचा एकच नियम होता. "आधी बसा," ते कुत्र्यांना म्हणाले. "उभ्याउभ्या शिक्का मिळत नाही." ते सगळ्यांनाच अहोजाहो करत, समोरचा अर्जदार चार पायांचा आहे म्हणून पद्धत बदलण्याचं कारण त्यांना दिसेना. कुत्रं खाली बसेपर्यंत ते शिक्का हवेत धरून थांबत. दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं. बसलं की कार्डावर ठक्क! आणि खिशातलं अर्धं मारी बिस्किट. हे बिस्किट मात्र नियमात नव्हतं. ते उत्कर्षाला दिसू नये म्हणून रंगराव टेबलाखालून देत, कारण तिच्या वर्गात खाऊ फक्त तिच्या हातून मिळायचा. तिच्याकडे टिक् असा आवाज करणारी एक डबी होती. कुत्र्यानं ऐकलं की टिक्, आणि मग खाऊ.

तिसरी आणि सर्वांत पवित्र गोष्ट म्हणजे आवक-जावक रजिस्टर. आलेला प्रत्येक मेसेज आवक, दिलेलं प्रत्येक उत्तर जावक. क्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय आणि शेवटी शेरा. "शेऱ्यात फक्त झालं ते लिहायचं," त्यांनी उत्कर्षाला समजावलं. "उत्तर दिले, कागद जोडला, प्रत पाठवली. आपल्या मनातलं तिथं लिहायचं नाही. चौतीस वर्षांत मी शेऱ्यात एक शब्द मनातला लिहिला नाही."

आणि नवल म्हणजे गाडी रुळावर आली. लाडू लाडूच्या बॅचमध्ये, टायसन टायसनच्या. लसीची तारीख जवळ आली की मालकाला आठ दिवस आधी स्मरणपत्र. उत्कर्षाला सहा आठवड्यांनी पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे मिळाले. इथंच थांबायला हवं होतं. पण काम नीट चाललंय हे पाहून जो माणूस गप्प बसतो, तो अधीक्षक कसला?

एका रविवारी नारायण पेठेत राहायला आलेले त्यांचे परभणीचे जुने सहकारी आगाशे चहाला आले. फायली पाहिल्या, फीत ओढून पाहिली, मान डोलावली. मग कप खाली ठेवून विचारलं, "वर्गाला परवाना आहे ना?"

"नाही. लागतो असं काही..."

"म्हणजे आपण बेकायदा आहात, रंगराव." आगाशे एवढंच बोलले आणि बशीतला उरलेला चहा प्यायले.

तो शब्द रंगरावांच्या वर्मी बसला. वरच्या मजल्यावरच्या उल्काताई जिन्यात भेटल्या, तेव्हा त्यांना हे कळलं आणि त्यांनी खाली वाकून सांगितलं, "काका, कुणाला विचारूच नका. विचारलं की नियम जन्माला येतो." पण उल्काताई खासगी कंपनीत होत्या, त्यांना काय कळणार? रंगरावांनी पालिकेच्या कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिलं. विषय: श्वान प्रशिक्षण वर्गास ना हरकत प्रमाणपत्र मिळणेबाबत. सोबत जागेचा नकाशा, सतरा श्वानांची यादी आणि वर्गाच्या वेळा जोडल्या. पोच घेतली. उत्कर्षाला चकितच करू, म्हणून तिला सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्याच पत्रावरून असे निदर्शनास येते की, आपण परवानगीविना श्वान प्रशिक्षण वर्ग चालवीत आहात. सबब सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा वर्ग बंद करण्याची कारवाई करण्यात येईल.'

रंगरावांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, मसुदा निर्दोष आहे. दुसऱ्यांदा त्यांना त्याचा अर्थ कळला. कंपनीतली नोकरी सोडून, दोन कुत्र्यांपासून सुरुवात करून, दिवसरात्र राबून मुलीनं हा वर्ग उभा केला होता. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी चौकशी केली नव्हती. दोन पानांत सगळी माहिती देऊन त्यांनी स्वतःच आपल्या सुनेला पकडून दिलं होतं.

ते पत्र घडी करून त्यांनी कपाटात स्वेटरांखाली ठेवलं आणि पलंगावर बसले. पाच मिनिटांनी उठले, पत्र काढलं, परत ठेवलं. सुनेपासून लपवणं त्यांना एकवेळ जमलं असतं, पण आलेलं पत्र आवकमध्ये न नोंदवणं? तेवढे ते खाली घसरले नव्हते. त्यांनी रजिस्टर उघडून लिहिलं: आवक क्रमांक ब्याण्णव, विषय: वर्ग बंद करणेबाबत. शेऱ्याच्या रकान्यावर पेन थांबलं. काय लिहावं ते सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा तो रकाना कोरा राहिला.

दोन दिवसांनी मफिन नावाच्या कुत्रीच्या लसीची तारीख पाहायला उत्कर्षानं रजिस्टर उघडलं.

"बाबा, आवक ब्याण्णव काय आहे?"

"पत्र आहे."

"विषय 'वर्ग बंद करणेबाबत' आहे."

"हो. विषय तसाच आहे."

"आणि शेरा कोरा आहे."

रंगरावांनी मग स्वेटरांखालचं पत्र आणून दिलं. ती उभ्यानंच वाचत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आपल्याला कुणी काही विचारलंच नव्हतं हो, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. मग पत्राची घडी घालून म्हणाली, "तुम्ही आता आराम करा."

आराम हा शब्द रंगरावांनी याआधी एकदाच ऐकला होता, निवृत्तीच्या समारंभात, शाल आणि नारळाबरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उत्कर्षाच्या हातात राजीनामा ठेवला. तीन प्रतींत, एका महिन्याच्या पूर्वसूचनेसह.

"अहो, महिन्याऐवजी सहा महिन्यांची द्या की," सुशीलाबाई कळवळून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे फ्रिज उभा राहिला होता.

उत्कर्षानं कागद पर्समध्ये टाकला. त्यावर बोलायला तिला वेळ नव्हता; खुलासा द्यायचा होता, आणि तो लिहू शकणारं माणूस घरात एकच होतं. रंगरावांनी लिहिला. शेवटी त्यांनी एक वाक्य घातलं, 'पाहणीच्या वेळी सर्व श्वान कागदपत्रांसह हजर ठेवण्यात येतील.' तीन बॅचेसची सतरा कुत्री एका वेळी एका जागी आजवर कधीच आणलेली नाहीत, हे उत्कर्षाच्या लक्षात आलं तेव्हा पत्र पोचलं होतं.

शुक्रवारी सकाळी आठला पाहणी ठरली. सतरा कुत्री आणि त्यांचे मालक रांगेत उभे होते. निरीक्षक साईनाथ आले. तिशीतले, सडसडीत, हातात फाइल, चेहऱ्यावर कुत्र्यांविषयी मुळीच प्रेम नाही. उत्कर्षा मुठीत डबी धरून उभी होती. रंगराव शेडमध्ये टेबलामागे बसले होते. पूर्वसूचनेचा काळ चालू होता, त्यामुळे हजर राहणं भाग होतं, पण पुढं येऊन बोलायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

सुरुवात ठीक झाली. कोको बसला, मफिननं पंजा दिला, टायसन एकदाच भुंकला. साईनाथांनी दोन ओळी लिहिल्या. तेवढ्यात गेनबा आले. सरकारी सायेब आपल्या रानात आलाय आणि तो उपाशी जाणार, हे त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. त्यांनी पहाटेच सुकं मटण करायला लावलं होतं.

"सायेब, दोन घास खाऊन घ्या, मग लिव्हा काय लिव्हायचं ते," असं म्हणून त्यांनी साईनाथांच्या हातात डबा दिला आणि वरचं झाकण काढलं.

वारा साईनाथांकडून कुत्र्यांकडे वाहत होता.

आधी लाडू सुटला. त्याच्या मागे पट्ट्याला धरून त्याचे मालक थोडं अंतर आले आणि मग त्यांनी पट्टा सोडून देणं पसंत केलं. मग कोको, मग मफिन, मग सगळेच. साईनाथ डबा घेऊन पळाले. डबा टाकला असता तर ते सुटले असते, पण घाबरलेल्या माणसाच्या हातातलं सुटत नाही. उत्कर्षा टिक् टिक् टिक् करत मागे धावत होती, पण तो इवलासा आवाज ओरडाआरडीत कुणाला ऐकू येणार? तेजस्विनी "कोको, नो! कोको, नो!" म्हणत होती. "आवं डबा टाका, डबा!" गेनबा ओरडत होते. साईनाथ मैदानाला दीड फेरी मारून शेडमध्ये घुसले आणि रंगरावांच्या टेबलावर चढले. त्यांचा एक पाय आवक रजिस्टरवर पडला.

रंगराव उभे राहिले. पुढचा विचार त्यांनी केला नाही. चौतीस वर्षांच्या सवयीनं तो केला. टेबलावर गर्दी चालून आली होती, रजिस्टर पायाखाली आलं होतं. "आधी बसा!" ते गरजले, आणि शिक्का उचलून टेबलावर आपटला.

ठक्क!

सतरा कुत्री खाली बसली.

लाडू बसला. टायसन बसला. कोको धावता धावता बसला, त्यामुळे थोडा घसरत आला. दाराशी गेनबाही बसले, त्यांना का ते सांगता आलं नाही. मैदानावर सगळं शांत झालं. सतरा तोंडं रंगरावांच्या उजव्या खिशाकडे एकटक बघत होती.

"बाबा," उत्कर्षा धापा टाकत दारात आली. तिनं कुत्र्यांकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. "किती दिवस बिस्किटं देताय?"

"पहिल्या दिवसापासून," रंगराव खाली मान घालून म्हणाले. "एकेकाला अर्धं."

साईनाथांना खाली उतरवून, पाणी देऊन खुर्चीत बसवलं. रंगरावांनी कुत्र्यांना क्रमानं शिक्का आणि बिस्किट देऊन मोकळं केलं, रजिस्टरवरचा बुटाचा ठसा रुमालानं पुसला आणि मगच विचारलं, "साहेब, आमच्या परवान्याचं काय?"

"काका, खरं सांगू?" साईनाथ कपाळ पुसत म्हणाले. "असा परवाना आमच्याकडे नाहीच. कुणी मागितलाच नव्हता."

"मग नोटीस?"

"तुमचं पत्र आलं, त्याला उत्तर देणं भाग होतं. परवान्याचा नमुना नाही, नोटिशीचा छापील आहे."

उत्कर्षानं डोक्याला हात लावला. रंगरावांचा चेहरा मात्र उजळला. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मग आता आपण असं करू. लिहा. प्रत्यक्ष पाहणी केली. सर्व श्वान शिस्तबद्ध आढळले."

"लिहिलं."

"खुलासा समाधानकारक वाटतो. सबब प्रकरण दप्तरी दाखल करण्यात यावे."

साईनाथांनी शेवटचं वाक्य लिहिताना मान वर केली. "काका, मसुदा चांगला आहे."

"तुमचाही चांगला होता," रंगराव मनापासून म्हणाले. प्रकरण दप्तरी दाखल झालं, म्हणजे फायलींच्या ढिगात कायमचं झोपलं. गेनबांनी डबा पुन्हा बांधून साईनाथांच्या गाडीत ठेवला आणि काचा वर करून जायला सांगितलं.

दुपारी घरी जेवणं झाल्यावर उत्कर्षानं पर्समधून राजीनाम्याच्या तिन्ही प्रती काढल्या आणि सासऱ्यांपुढे ठेवल्या. प्रत्येकीवर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'नामंजूर.' खाली सही.

"तुम्ही नसता तर ही नोटीस आली नसती," ती म्हणाली. "आणि तुम्ही नसता तर आज माझा वर्गही राहिला नसता. पण यापुढे पत्र लिहिण्याआधी मला विचारायचं."

"आणि बिस्किटं?" रंगरावांनी विचारलं.

"आधी मला वाटायचं, खाऊ माझ्याच हातून मिळाला पाहिजे. राहू द्या. चालू ठेवा."

"नामंजूर झालं ना?" सुशीलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "नसेल तर आधी माझा राजीनामा घ्या!"

रंगरावांनी चष्मा पुसला. पुसूनही अक्षरं नीट दिसेनात, म्हणून पुन्हा पुसला. मग त्यांनी कागद उत्कर्षाकडे परत सरकवले. "सहीखाली तारीख नाही."

तिनं तिन्हीवर तारीख घातली. त्यांनी रजिस्टर उघडलं. आवक क्रमांक एकशे आठ. विषय: राजीनामा नामंजूर केलेबाबत. शेऱ्याच्या रकान्यावर पेन पुन्हा थांबलं. त्यांनी उत्कर्षा आत गेल्याची खात्री केली, आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: बरे वाटले.